चुकीचे पार्सल आल्यास तक्रार कशी करावी?

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या चादरीऐवजी मला दुसऱ्याच मापाची, डागाळलेली चादर मिळाली. विक्रेता फोनवर नुसतेच ‘बघतो’ म्हणतो. काय करावे?

उत्तर : परत करण्याची मुदत अशा ‘बघतो’मध्येच निघून जाते, म्हणून ती आधी तपासून तक्रार ऑर्डरच्या पानावरून लेखी नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपावा. मिळालेली चादर, डाग, मापाची पट्टी आणि पार्सलवरील पत्त्याचे लेबल यांची छायाचित्रे जोडावीत. वस्तू भरतानाच अदलाबदल झाली का, हे लेबलवरील क्रमांकावरून विक्रेत्याला तपासता येते. चादर बदलून हवी की पैसे परत, हे पहिल्याच वाक्यात लिहावे (संतापाचे परिच्छेद बहुधा कोणी वाचत नाही). निकाल लागेपर्यंत चादर धुऊ नये आणि वेष्टनही टाकू नये.