वाचक विचारतात: जाड सुई म्हणजे सोपी सुई का?

प्रश्न : ताई, माझं वय ७२. पूर्वी घरातल्या सगळ्यांचे स्वेटर मीच विणायचे. आता सकाळी बोटं आखडलेली असतात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. लेकीने मोठ्या हौसेने १२ मि.मी.च्या सुया आणि दोरीसारखी जाड लोकर आणून दिली, म्हणाली, ‘आई, हे सोपं पडेल.’ पण चार ओळी झाल्या की मनगट भरून येतं. विणकाम सोडूनच द्यावं का?

सोडू नका, फक्त त्या सुया बाजूला ठेवा. लेकीचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र उलटा. दिसायला जाड ते धरायला सोपं असा समज सगळीकडे पसरला आहे आणि माझा त्यावर जुना राग आहे. १२ मि.मी.ची सुई धरायला बोटं जास्त फाकवावी लागतात. टाका मोठा, म्हणून दर टाक्याला मनगटही मोठा फेरा घेतं. त्यात विणलेला भाग वजनदार, आणि तो सगळा भार सुईच्या टोकावरून तुमच्या मनगटावर लोंबकळतो. मग चार ओळीत हात दुखला तर दोष वयाचा कसा?

अगदी बारीक सुईही नको, कारण ती चिमटीत घट्ट दाबावी लागते आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सगळा ताण येतो. म्हातारपणी झिजणाऱ्या सांध्यांत तो सांधा नेहमीचाच. ५ ते ६ मि.मी.ची सुई बहुतेक हातांना मानवते. तुमच्या जुन्या सुया असतील तर त्यांच्यावर क्रमांक असेल. जुन्या पद्धतीत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी., ८ नंबर ४ मि.मी. आणि ६ नंबर ५ मि.मी. म्हणजे तुम्ही ६ नंबर शोधा.

शक्य असेल तर सरळ सुयांऐवजी गोल सुई घ्या, म्हणजे मध्ये लवचिक तार आणि दोन टोकांना आखूड सुया. तिच्यावर गोलच विणावं लागतं असं नाही. ओळ संपली की काम पालटायचं आणि नेहमीसारखं परत यायचं. फायदा असा की विणलेलं सगळं तारेवर सरकून मांडीवर बसतं आणि हातात फक्त दोन टोकं राहतात. सुई लाकडाची किंवा बांबूची असावी. धातूची सुई थंड लागते आणि टाके तिच्यावरून सटासट निसटतात. मग ते निसटू नयेत म्हणून आपण नकळत मूठ आवळतो.

धाग्याचंही तसंच. सुती धागा ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्येक टाका ओढताना बोटांना जोर लावावा लागतो. लोकर थोडी ताणली जाते, हाताला सांभाळून घेते. फिकट रंगाची, गुळगुळीत पिळाची घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकरीत तर तरुण डोळ्यांनाही सापडत नाहीत.

आता हाताकडे बघा. विणताना मध्येच थांबून अंगठ्याचं नख पाहा. ते पांढरं पडलं असेल तर तुम्ही सुई गरजेपेक्षा जास्त दाबताय. खांदे खाली सोडा, कोपरं उशीवर टेकवा आणि पुढचे टाके मुद्दाम सैल घाला. वीण वाकडीतिकडी दिसली तरी चालेल. ३० टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणत पट्टी करा. साधारण १६-१७ सेंमी रुंद होईल. अशा पट्ट्या जोडून पांघरूण होतं. मुंढा, गळा, मापं यांच्या भानगडीत सध्या पडू नका.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. विणताना हात सतत मिटलेला असतो. बोटं चपळ राहायची तर त्यांना उघडण्याचंही काम हवं. दर १५-२० मिनिटांनी सुया खाली ठेवा, पंजा टेबलावर सपाट पसरा, बोटं फाका, मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला टेकवून या. सकाळी आखडलेल्या हातांनी सुरुवात करू नका. आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसा. विणकामाने झिजलेला सांधा भरून येत नाही, तशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. चालता हात चालता राहतो, एवढं मात्र नक्की.

प्रश्न : बाबा ७९ वर्षांचे आहेत. हात थोडे थरथरतात. दिवसभर टीव्हीपुढे बसतात. लोकरीचं काहीतरी शिकवावं म्हटलं तर ‘ही बायकांची कामं’ म्हणून उडवून लावतात. त्यांच्यासाठी काय?

बाबांना सांगा, एके काळी युरोपातल्या विणकामाच्या व्यावसायिक संघटना मुख्यतः पुरुषांच्याच होत्या, आणि मासेमारीची जाळी विणण्या-दुरुस्त करण्यात कोळ्यांची बोटं पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. तरी ऐकणार नाहीत, तर विणकाम हा शब्दच काढू नका. खुंट्यांची गोल चौकट आणून टेबलावर ठेवा आणि ‘हे कसं चालतं बघा बरं’ म्हणा. ज्यांनी आयुष्यभर काही ना काही दुरुस्त केलंय, ते अशा वस्तूला हात लावल्याशिवाय राहत नाहीत.

तिचं काम असं : प्रत्येक खुंटीला लोकरीचा एक वेढा द्यायचा. पूर्ण फेरी झाली की त्यावर दुसरा वेढा. मग छोट्या आकड्याने, म्हणजे टोक वाकवलेल्या सळईने, खालचा वेढा उचलून वरच्यावरून खुंटीच्या मागे टाकायचा. बस्स, तो एक टाका. हेच करत राहिलं की मधून नळीसारखं विणलेलं खाली उतरू लागतं. चौकट टेबलावर टेकलेली, त्यामुळे थरथरणाऱ्या हाताला आधार मिळतो. आणि कुठेही थांबलं तरी टाके खुंट्यांवर जागच्या जागी राहतात. सुईवर हे होत नाही. नळीचं वरचं तोंड धाग्याने आवळलं की टोपी तयार.

थरथर अलीकडेच सुरू झाली असेल किंवा वाढत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं काम म्हणजे जुना स्वेटर उसवणं. याला कोणी कला म्हणत नाही, पण मी म्हणते. शिवण कापायची, टोक शोधायचं आणि सरसर ओढत गुंडी करत जायची. यात कोपर, खांदा, मनगट सगळं हलतं आणि चुकण्यासारखं काहीच नसतं. उसवलेली लोकर कुरळी असते. तिची लडी करून दोन-तीन ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. बरीचशी सरळ होते.

प्रश्न : सुया की क्रोशे? दोन्ही येत नाहीत. वय ६६.

क्रोशे. सुईवर सगळे टाके एकाच वेळी सांभाळावे लागतात. क्रोशात आकड्यावर बहुधा एकच फास असतो, तो सुटला तरी तेवढाच पुन्हा पकडायचा. पण सगळी मेहनत एका हाताला पडते, हे लक्षात ठेवा. ५ मि.मी.चा आकडा घ्या, मूठ रबराची किंवा जाड असलेला. पेनासारखा धरून अंगठा दुखला तर सुरीसारखा वरून मुठीत धरून पाहा. पहिला आठवडा नुसत्या साखळ्या घाला, म्हणजे फासातून धागा ओढून नवा फास करत जा. कंटाळा येईल, येऊ दे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठांच्या गटात बोटांवरचं विणकाम सुरू करतोय. सुई नको, आकडा नको. सर्वांना चालेल ना?

सर्वांना नाही. बोटांभोवती लोकर गुंडाळायची असते आणि नवशिके ती हमखास घट्ट गुंडाळतात. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना आवळल्याचं कळतही नाही. ज्यांचे सांधे सुजलेत त्यांचाही फास बोटावरून निघता निघत नाही. अंगठ्या आधी काढून ठेवा, फास बोटावर सहज फिरेल इतके सैल ठेवा, आणि विश्रांती घ्यायची झाली की ते पेन्सिलीवर उतरवून ठेवा. ज्यांना हे चालणार नाही, त्यांना जाड लोकरीची तिपेडी वेणी घालू द्या. वेण्या चकलीसारख्या गुंडाळत शिवल्या की चहाच्या भांड्याखाली ठेवायला छान गोल आसन होतं.

प्रश्न : रोज दुपारी दोन तास सलग विणते. हल्ली रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. सुया बदलू का?

सुया नंतर, आधी डॉक्टर. करंगळी सोडून बाकीची बोटं रात्री बधिर होणं हे मनगटात नस दाबली जात असल्याचं लक्षण असू शकतं. ते अंगावर काढू नये, कारण दाब फार काळ राहिला तर अंगठ्याची पकड दुबळी होते. दाखवून येईपर्यंत विणकाम बंद. पुढे परवानगी मिळाली तरी दोन तास सलग नकोच, थोडं थोडं करा. आणि तुमच्या पत्रात गुंडी जमिनीवर ठेवते असं लिहिलंय. ती एखाद्या पातेल्यात किंवा टोपलीत ठेवा. धागा पायात अडकून पडण्याची भीती विणकामाच्या दुखण्यापेक्षा मोठी आहे.