वाड्याचं दुकान करताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचा दगडी-सागवानी वाडा आहे. तळमजल्यावर दुकान काढून दर्शनी भागावर वीस फुटी ग्लो-साइन लावायची आहे. दुकानाच्या स्वतःच्या पाटीलाही परवाना लागतो?

उत्तर : साधी रंगवलेली, दुकानाच्याच धंद्याची पाटी महापालिका अधिनियम 1949 च्या कलम 245 च्या परवान्यातून सुटते. आतून उजेड असलेली पाटी सुटत नाही, आणि गच्चीवर उभा केलेला फलक तर नाहीच. वाडा वारसा यादीत असेल तर वारसा समितीचं मतही येतं. म्हणून आधी महापालिकेच्या नगररचना विभागात यादी आणि श्रेणी बघून घ्या. अर्जाला मिळकत पत्रिका, दर्शनी भागाचे फोटो, मापासह नकाशा आणि पाटी भिंतीला कशी धरणार याचा छेद (उभा काप दाखवणारं रेखाचित्र) जोडा. वाड्यांच्या बाबतीत अर्ज बहुधा अडतो तो सहहिस्सेदारांच्या संमतीपाशी. ती आधी गोळा करा.

आता वीस फुटांचं. एवढी पेटी लावली की कोरीव हस्त (तुळईखालचे लाकडी आधार) आणि तुळईची टोकं झाकली जातात. पावसाचं पाणी पाठीमागे मुरतं आणि सागवान कुजायला लागलं तरी दिसत नाही. पाटी दोन खांबांच्या गाळ्यात, हस्तांच्या खाली बसवा. दगडाला भोक नको. साधा लोखंडी अँकर गंजतो, गंजून फुगतो आणि काळ्या दगडाची कपरी उडवतो. हलकी पाटी असेल तर चुन्याच्या दरजेत (दोन दगडांमधल्या सांध्यात) स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चालतात. पेटी जड असेल तर दरजही धरत नाही, तेव्हा ओट्यावर स्वतंत्र पाइपची चौकट उभी करून वजन तिच्यावर द्या. पाटीमागे दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा. वायर पाइपातून न्या, लाकडावर खिळून नको.

मजकुरात मराठी नाव आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नको.

प्रश्न : त्याच भिंतीला ओल येते. सिमेंटचा गिलावा करू का?

उत्तर : नको. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. ती वर चढते आणि क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. मुरवलेला चुना एक, चाळलेली वाळू तीन, असा दहा-बारा मिलिमीटरचा थर द्या. भर उन्हात करू नका, नंतर ओलं पोतं टांगा.

प्रश्न : पन्हाळ्यावर घर आहे. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत दुरुस्तीही बंद, हे खरं का?

उत्तर : अर्धं खरं. केंद्र-संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीने. दुरुस्तीची वाट मात्र आहे : घर 16 जून 1992 पूर्वीचं असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. घर त्या आधीचं असल्याचा कागद लागेल. जुनी घरपट्टी पावती शोधून ठेवा.