रोज फिरायला जाऊनही पाटावरून उठवत नाही

प्रश्न : माझे यजमान ७१ वर्षांचे आहेत. गेली पंधरा वर्षे ते रोज पाऊण तास चालतात. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. तरीही हल्ली पाटावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार लागतो आणि मांड्याही बारीक दिसू लागल्या आहेत. वजनाचे व्यायाम करावेत असे मुलगा म्हणतो. या वयात ते झेपतील का? – एक वाचक, सातारा

उत्तर : झेपतील, आणि त्यांची गरजही आहे. चालणे सोडू नये. मात्र सपाट रस्त्यावर मांडीच्या स्नायूंवर पडणारा भार त्यांच्या सवयीचाच असल्याने केवळ त्यामुळे त्यांची झीज थांबत नाही. वाढत्या वयात आधी झिजतात ते झटकन जोर लावणारे तंतू, त्यामुळे चालताना काही जाणवत नाही आणि पाट मात्र उणीव उघडी पाडतो. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. वयाची सबब इथे फारशी चालत नाही. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातील मोजक्या जणांकडून आठ आठवडे भारी वजनाचे व्यायाम करून घेतले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, मांडीचे स्नायू मात्र सुमारे ९ टक्केच. तेव्हा मांडीला टेप लावून निराश होऊ नका.

प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे. मग भिंतीला टेकवलेल्या, बिनहाताच्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठबस करायला किती वेळ लागतो ते पाहावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायू दुबळे झाल्याची शक्यता धरावी. हीच उठबस व्यायाम म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवसाआड करावी : उठताना श्वास सोडावा, दम कोंडू नये, आणि बसताना धपकन न बसता सावकाश टेकावे. दहा वेळा सहज जमू लागले की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात, कारण शेवटच्या दोन खेपा जड गेल्या नाहीत तर व्यायाम हलका पडतो आहे असे समजावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे.

‘रात्री हलके’ म्हणून नुसता वरणभात खाण्याची आपली रीत इथे आड येते. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर ६० किलो वजनाच्या ज्येष्ठाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात ती जेमतेम ६ ग्रॅम असतात, आणि पातळ वरणाच्या वाटीत बहुतेक पाणीच.