पेडल खाली जातं, दिवा जात नाही

प्रश्न : ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेकचं पेडल स्पंजासारखं होतं. पुढच्या एका चाकाचं बेअरिंग बदलल्यापासून, गाडी थोडी हलली की एबीएसचा (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागतो. पेडलचा दाब ब्रेकच्या द्रवावर देणारा मास्टर सिलिंडर बदलू का?

उत्तर : थांबा, आधी खिशात हात घालू नका! हे दोन वेगळे आजार दिसतात.

पेडल गार असताना घट्ट आणि तापल्यावर मऊ, म्हणजे माझा पहिला संशय ब्रेक फ्लुइडवर, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवावर. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा धरल्यावर १५५. चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये या फ्लुइडची वाफ झाली की पाय तीच दाबत बसतो. ताजं फ्लुइड भरून चारही चाकं ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा आणि जुनं फ्लुइड बाहेर काढा. डॉट ५ मात्र नको. नावावरून ते डॉट ४ च्या पुढचं वाटतं, पण ते सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं; मीही एकदा फसलो होतो. पेडल घट्ट राहूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापून निकामी होताहेत.

आता दिवा. अनेक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी कडं असतं आणि चाकाचा वेग मोजणारा एबीएसचा सेन्सर तेच वाचतो. बेअरिंग उलटं बसलं की त्या चाकाचा वेग शून्य दिसतो. गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारा स्कॅनर लावून, चाक हाताने फिरवून वेगाचा आकडा बघा. आकडा येत असेल तर सेन्सरची वायर तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाते का, तेही बघा. बेअरिंग खरंच उलटं निघालं तर नवीनच घ्या. काढताना जुनं बहुधा खराब होतं.