पंचेचाळिशीत नोकरी गेली, आता चित्रकलेत काही करावंसं वाटतंय. या वयात खरंच जमतं का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी नोकरी गेली, लहानपणापासून चित्रांची आवड आहे, पण आता कागद समोर घेतला की मन लागत नाही आणि वर अपराधी वाटतं की अर्ज पाठवायचे सोडून हे काय करतोय. ते अपराधी वाटणं वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले, कारण माझं अगदी हेच झालेलं.

मी १९ वर्षं अकाउंट्समध्ये होते. एका सकाळी सांगितलं की आख्खं डिपार्टमेंट बंद होतंय, दुपारी लॅपटॉप परत केला, झालं. पहिले तीन महिने मी काहीही केलं नाही. रोज ठरलेल्या वेळी जाग यायची आणि मग उठून जायचं कुठे हेच कळायचं नाही. त्या दिवसांत स्वतःकडून आनंदाची अपेक्षा करू नका प्लीज, दुःख झालंय तर ते होऊ द्या.

माझं सुरू झालं ते एका फाटक्या डिक्शनरीमुळे. पाठ निखळलेली, पानं सुटलेली, टाकून द्यायला काढली होती. सहज उसवून बघितली तर आत पानांच्या घड्या घातलेले छोटे छोटे गठ्ठे, बाइंडिंगवाले त्यांना फॉर्म म्हणतात, आणि प्रत्येक फॉर्म मधोमध दोऱ्याने शिवून शेजारच्याला बांधलेला. इतकी वर्षं पुस्तकं हाताळली पण हे कधी नीट बघितलंच नव्हतं! मग सुई-दोरा घेतला. पहिली शिवण ढिली पडली, उसवली, परत शिवली, असे चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी ते पुस्तक टेबलावर सपाट उघडलं आणि तसंच राहिलं. ऑफिसात एका महिन्याचा हिशोब संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा, इथे एक गोष्ट खरोखर पूर्ण झाली होती आणि ती डोळ्यांसमोर होती. त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोप लागली.

वयाचं म्हणाल तर रेमंड चँडलरचं उदाहरण मला फार धीर देऊन गेलं. अमेरिकन रहस्यकथा लेखक, १९३२ मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी त्याची तेल कंपनीतली मोठ्या हुद्द्याची नोकरी गेली. मग तो शिकला कसा, तर मासिकातली दुसऱ्याची कथा घ्यायची, तिचा सारांश काढायचा, त्यावरून ती कथा स्वतः लिहायची आणि मूळ कथेशी ताडून बघायचं की आपण कुठे कमी पडलो. पहिल्या कथेला पाच महिने लागले, ती १९३३ मध्ये छापून आली, पहिली कादंबरी १९३९ मध्ये. तुम्हालाही हे करता येईल. आवडतं एखादं चित्र नीट बघा, झाकून ठेवा, आठवून काढा, मग दोन्ही शेजारी ठेवा. कोऱ्या कागदापुढे बसण्यापेक्षा हे खूप सोपं जातं, काय काढू हा प्रश्नच उरत नाही.

आता पैशाचं. मला वाटायचं मी सुंदर डायऱ्या बनवेन आणि लोक घेतील. पहिल्या लॉटचे पुठ्ठे आठवड्यात वाकडे झाले, कारण कागदातले तंतू एका दिशेला असतात, ओल लागली की कागद त्यांच्या आडव्या बाजूला जास्त फुगतो, आणि मी पुठ्ठा एका दिशेने, कागद दुसऱ्या दिशेने चिकटवला होता. ते सुधारलं तरी डायऱ्या फारशा गेल्या नाहीत. लोक आणायचे ती जुनी पुस्तकं, दुरुस्तीला. आधी मी नाराज व्हायचे, दुरुस्ती म्हणजे काय कला आहे का असं वाटायचं. मग एकजण वडिलांचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन आले, पानांच्या समासात सगळीकडे वडिलांच्या पेन्सिलीच्या नोंदी, अगदी कडेपर्यंत. नेहमीच्या पद्धतीने शिवून झाल्यावर कडा मशीनवर कापल्या असत्या तर त्या नोंदी गेल्या असत्या, म्हणून कडा कापल्याच नाहीत, खालीवर राहू दिल्या, आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद न वापरता खळ वापरली, म्हणजे पुढे कोणाला परत उघडायचं झालं तर पाण्याने सुटेल. काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे प्रत्येक पुस्तकाला नव्याने ठरवावं लागतं आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडायला लागलं. त्यामुळे तुमची चित्रं कुठल्या रूपात विकली जातील हे आत्ताच ठरवून टाकू नका, गिऱ्हाईक काय मागतंय तिकडे लक्ष असू द्या.

आणि अर्ज बंद करू नका, मीही बंद केले नव्हते. सकाळी दोन तास अर्ज, मग टेबल, असं वाटून घेतलं तेव्हाच ते अपराधी वाटणं कमी झालं. घरखर्चाचे किती महिने हाताशी आहेत तो आकडा नवऱ्याबरोबर बसून कागदावर लिहिला. दीड वर्षाने एका ठिकाणाहून अकाउंट्ससाठीच फोन आला, आणि मी बोलून गेले की आठवड्यातले दोनच दिवस जमेल, बाकीचे दिवस पुस्तकांची कामं असतात. ते हो म्हणाले. अजून तसंच चालू आहे.