जग कुणी केलेलंच नाही?

प्रश्न : शेजारच्या जैन काकू म्हणतात, जग कुणी निर्माण केलेलंच नाही. असं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : काकूंचं बरोबर आहे. जैन मतानुसार विश्व अनादि-अनंत आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू जिनसेन यांनी 9व्या शतकात आदिपुराण या जैन ग्रंथात सरळ विचारलं : देवाने जग घडवलं, तर त्याआधी तो होता कुठे? सामग्री कुठून आणली? हा रोखठोकपणा मला फार भावतो. बायबल आणि कुराणात सृष्टी 6 दिवसांत होते. तिथे निर्माता पक्का. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, सृष्टीच्या उत्पत्तीवरचं नासदीय सूक्त मात्र शेवटच्या, 7व्या ऋचेत म्हणतं, हे कुठून झालं ते परम व्योमातला (सर्वोच्च आकाशातला) अध्यक्ष, म्हणजे सृष्टीवर देखरेख करणाराच जाणे, किंवा त्यालाही ठाऊक नसेल! काकूंना हे सूक्त अर्थासकट जरूर वाचून दाखवा.