स्केल मॉडेल किट (विमानं, रणगाडे वगैरेंच्या छोट्या प्रतिकृती जोडायचे प्लास्टिकचे संच) इतकी महाग का झाली आहेत? खर्च आवरायचा कसा?

प्लास्टिकची किंमत त्यात फारशी नसते. खरा खर्च पोलादी साच्याचा, आणि तो थोड्याच किटांवर वसूल करायचा असतो. वर संशोधन, डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायची चिन्हं) छपाई, परवाना शुल्क आणि मोठ्या खोक्याची वाहतूक.

आधी खोक्यात काय आहे ते पाहा. एडुआर्ड या किट कंपनीच्या स्वस्त ‘वीकेंड’ आणि महाग ‘प्रोफीपॅक’मध्ये प्लास्टिक बहुधा तेच असतं, महागड्या खोक्यात फोटो-एच पत्रा (रसायनाने कोरलेले बारीक धातूचे भाग), रंगवताना भाग झाकायचे मास्क आणि जास्त डिकल मिळतात. पत्रा लावणारच नसाल तर वीकेंड घ्या. उलट, नव्या चित्राच्या खोक्यात चाळीस वर्षांपूर्वीचा साचाही निघतो. स्केलमेट्स या किटांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर साच्याचं मूळ वर्ष दिसतं, ते बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

जुनं, न जोडलेलं किट स्वस्त पडतं, पण डिकल दगा देतात. पाण्यात टाकताच तुकडे होतात, कारण वरचा थर ठिसूळ झालेला असतो. आधी एक बिनमहत्त्वाचं डिकल भिजवून पाहा. फाटलं तर बाकीच्या पूर्ण शीटवर ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर) मारा, रात्रभर वाळवा आणि प्रत्येक डिकल कडेला चिकटून कापा. क्लिअरमुळे सगळी एकमेकांना जोडली गेलेली असतात.

फटी बुजवायला वेगळी पुटीही नको. स्प्रूचे (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचे) बारीक तुकडे पातळ सिमेंटमध्ये, म्हणजे मॉडेल चिकटवायच्या द्रवात, रात्रभर विरघळवा. फटीत भरल्यावर दोन-तीन दिवस थांबा. घाईने घासलंत तर ही घरगुती पुटी नंतर आकसते आणि रंगाखाली खाच उमटते.